घरातलेच आहोत आपण

मागच्या महिन्यात एका रविवारी माझी भाची आईला भेटायला आली. ती पुण्यात शिकते. दोन-अडीच महिन्यांतून एकदा एस्टीनं कोल्हापूरला येते आणि घरी बॅग टाकली की आधी शुक्रवार पेठेत आजीकडं धावते. त्या दिवशी मात्र ती उंबऱ्याबाहेरच थांबली. पायरीवर चपला काढल्या, पर्समधून निळा मास्क काढला, दोन्ही कानांमागं अडकवला, नाकावरची तार चिमटीनं दाबून बसवली आणि मग आत आली. आत म्हणजे सोप्यात, दाराला लागून असलेल्या खुर्चीपर्यंतच. "परवापासनं सर्दी आहे आजी, घसा पण धरलाय," म्हणाली आणि तिथूनच वाकून, जमिनीला हात लावून नमस्कार केला. आई ८१ वर्षांची आहे. गेल्या थंडीत न्यूमोनियातून उठली, तेव्हापासून बसल्या जागीही तिला जिना चढून आल्यासारखा दम लागलेला असतो. नात आली की ती तिच्या गालांवरून दोन्ही हात फिरवते आणि आपल्या कानशिलांवर कडकड बोटं मोडते. त्या दिवशीही तिनं हात पुढं केले, आणि ते तसेच राहिले. मी चहा घेऊन आतून येत होते. ते पुढं केलेले हात मला बघवले नाहीत. मी पटकन म्हणून गेले, "काढ गं तो मास्क. घरातलेच आहोत आपण."

तिनं माझ्याकडं बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग "असू दे आत्या" म्हणून उठली, माझ्या हातातला कप घेतला आणि बाहेर पायरीवर बसून, रस्त्याकडं तोंड करून चहा प्याली. आईला ते फार लागलं. "पायरीवर बसवून चहा देत्यात व्हय पोरीला?" असं ती मला म्हणाली, मीच तिला बाहेर घालवल्यासारखं. पोरगी चहा पिऊन कप स्वतः विसळून आली, खिडकीतून आजीशी अर्धा तास बोलली आणि गेली. रात्री भांडी आवरताना माझ्या कानात माझंच वाक्य घुमत राहिलं. ते मी आयुष्यात पहिल्यांदाच बोलले होते, पण ऐकलं होतं. शब्द न् शब्द तसंच.

ते वाक्य तात्यांचं होतं.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. शिवाजी उद्यमनगरात त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षं लेथवर काढली. त्यांच्याविषयी लिहिताना आधी हे सांगायला हवं की ते निष्काळजी माणूस नव्हते. उलट त्यांच्याइतका काळजी घेणारा माणूस आमच्या घराण्यात दुसरा नाही. लेथ चालू असताना ढगळ बाह्यांचा सदरा नाही, हातात अंगठी नाही, आणि डोळ्यांवर चष्मा घातल्याशिवाय मशीनला हात नाही. शेजारच्या मशीनवरच्या एका पोराच्या डोळ्यात लोखंडाची कपची गेलेली त्यांनी तरुणपणी बघितली होती. त्या पोराचा डोळा वाचला नाही. त्यानंतर तात्यांनी कारखान्यात येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी चष्मा दिला आणि दुसऱ्या दिवशी तो घातला नसेल तर घरी पाठवलं. मालकाचा पोरगा असला तरी. मी लहानपणी डबा द्यायला जायची, तेव्हा मलाही दारातच अडवायचे, "तिथंच थांब, डोळं मीट." तेलाचा आणि तापल्या लोखंडाचा तो वास, आणि डोळे मिटून उभी मी. हे असे तात्या.

एप्रिल २०२१. करोनामुळं 'ब्रेक द चेन'चे निर्बंध लागलेले होते, रस्त्यावर विनामास्क सापडलं तर ५०० रुपये दंड होता, आणि तात्यांच्या नातवाचं बारसं होतं. कार्यालय नाही, जेवणावळ नाही, फक्त घरातल्या घरात, असं ठरलं. पण आमच्याकडं घरातली माणसं मोजायला बसलं की ती बावीस भरतात. मंगळवार पेठेतल्या त्या घरात आम्ही सगळे तोंड झाकूनच गेलो. मिरजकर तिकटीला पोलीस उभे होते, त्यांच्यासमोरून तर नाकापर्यंत ओढून गेलो. आणि दारात पोचलो तसे एकेकाचे मास्क उतरले. आत खिडकीच्या गजांना ओळीनं मास्क लटकत होते, फुलाफुलांचे, काळे, एक पैठणीच्या काठाचा, आणि त्यांच्या खाली चार्जिंगला लावलेले मोबाइल. मी माझा काढला नव्हता. तात्या पाळण्याशी उभे होते. मला बघून हसले आणि म्हणाले, "काढ गं तो मास्क. घरातलेच आहोत आपण. आम्ही काय परकी झालो?"

मी काढला. मला काही पटलं म्हणून काढला असं नाही. मला लाज वाटली म्हणून काढला. ही गोष्ट मी पुढं बराच काळ स्वतःशी नीट कबूल करत नव्हते. मला त्या क्षणी खरंच असं वाटलं की तोंडावर हे कापड ठेवून मी या बावीस जणांना सांगतेय, तुमच्या श्वासाची मला भीती वाटते. ज्या घरात मी लहानाची मोठी झाले, जिथं एका ताटात चौघी जेवलो, तिथं असं कसं सांगायचं? बाळाला वारं लागू नये म्हणून खिडक्या लावून घेतलेल्या होत्या. पंखा बारीक केलेला. घुगऱ्यांचा वास, उदबत्तीचा धूर. आणि पाळणा म्हणायला काकी. तिचा आवाज मोकळा, खणखणीत. गल्लीतली सगळी बारशी तिच्याच आवाजात झालेली. आम्ही दहा-बारा जणी पाळण्याभोवती खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलो आणि तिच्यामागून म्हणत गेलो, "जो बाळा जो जो रे जो". आता कळतं की नुसत्या श्वासापेक्षा बोलताना आणि बोलण्यापेक्षा मोठ्यानं गाताना तोंडातून कितीतरी जास्त बारीक थेंब बाहेर पडतात, आणि बंद खोलीत ते बराच वेळ तरंगत राहतात. पाळणा म्हणायला आम्ही जमलो ती खोली त्या विषाणूला हवी होती अगदी तशीच होती.

पाचव्या दिवशी काकीला ताप आला. पुढचं मी थोडक्यात सांगते, कारण त्या महिन्यात ज्यांनी ज्यांनी हे बघितलं त्यांना ते सांगायची गरज नाही. बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा ९४, मग ९१, मग ८६. खाटेसाठी केलेले फोन. शेवटी मिळालेली एक खाट. काचेपलीकडून एकदा दिसलेला तिचा हात. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती गेली. बाळ ठणठणीत राहिलं. बावीसपैकी नऊ जणांना झाला, मलाही झाला, मला चार दिवस तोंडाला चव नव्हती, बस एवढंच. कुणी आणला हे कधीच कळलं नाही आणि आमच्या घरात कुणी ते विचारलंही नाही. मात्र काकीचं तेरावं झालं त्या दिवशी मी तात्यांच्या खोलीत पाण्याचा तांब्या घेऊन गेले, तेव्हा ते खोलीत एकटेच बसले होते. दार लावलेलं. आणि तोंडावर मास्क होता.

पंचगंगेच्या काठचं आमचं गाव नियम न पाळणारं आहे असं मला म्हणवत नाही. पावसाळ्यात इथं कुणालाही विचारा, राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे दोन आकडे शाळकरी पोराला तोंडपाठ असतात. जुलै उजाडला की सकाळी चहाआधी 'पाणी कुठवर आलं?' हा प्रश्न होतो. जामदार क्लबजवळ पाणी आलं म्हटलं की आमच्या गल्लीत कुणी कुणाची वाट बघत नाही. गहू वर, गादी वर, गॅसची टाकी माडीवर, कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत, आणि म्हातारी माणसं पाहुण्यांकडं. २०१९ ला पाणी पन्नास फुटांच्या कितीतरी वर गेलं, त्यानंतर तर कुणाला सांगावंच लागत नाही. याचं कारण साधं आहे, पाणी दिसतं. घाटाच्या पायऱ्या एकेक करून बुडताना दिसतात, भिंतीवर मागच्या पुराची रेघ असते. तात्यांच्या लेथवरची कपचीही अशीच दिसायची, ठिणगीसारखी. पण श्वासाची धोका पातळी कोणत्या पायरीवर बघायची? २०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर आला तेव्हा आम्ही ४३ चा आकडा ऐकून वेळेत घर सोडलं आणि एका शाळेच्या वर्गात जाऊन बसलो. चाळीस माणसं, ओल्या चादरी, डाळभाताचा वास. मास्क कुणाच्याच तोंडावर नव्हता, माझ्याही नाही, काकी जाऊन तीन महिनेही झाले नव्हते तरी. पाण्यापासून वाचलो या एका गोष्टीनं सगळ्यांना इतकं सुरक्षित वाटत होतं. एकाच छपराखाली आलो की आम्ही घरातले होतो.

त्या दोन वर्षांत रस्त्यावर मी जे बघितलं त्याचा अर्थ मला तेव्हा लागत नव्हता. रेशन दुकानासमोर चुन्यानं गोल आखलेले होते, सहा-सहा फुटांवर. मे महिन्याचं ऊन. माणसांनी त्या गोलांत आपापल्या चपला काढून ठेवल्या होत्या आणि स्वतः सगळे समोरच्या पिंपळाखाली सावलीत दाटीवाटीनं बसले होते. रांग पुढं सरकली की उठायचं, चपला एक गोल पुढं सरकवायच्या, परत येऊन बसायचं. चपला अंतर पाळत होत्या. मला तेव्हा राग आला होता. आज वाटतं, त्या लोकांनी नियम मोडला नव्हता, त्यांच्या समजुतीप्रमाणं तो पाळलाच होता. अंतर रांगेत ठेवायचं असतं, दुकानदारासमोर, सरकारसमोर. झाडाखाली शेजारी बसलेला तर गल्लीतलाच होता. फोन आला की मास्क खाली ओढून बोलणारी माणसं, ओळखीचं कुणी भेटलं की हनुवटीवर घेऊन हसणारी माणसं, या सगळ्यांत तेच होतं. तोंड झाकायचं ते परक्यासमोर.

आणि अंबाबाईच्या देवळात तर हे मी डोळ्यांनी बघितलं. मार्च २०२० मध्ये बंद झालेलं देऊळ दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबर २०२० ला उघडलं. मधल्या नवरात्रात लोक महाद्वाराबाहेर रस्त्यावरच चपला काढून, बंद दाराकडं बघून हात जोडायचे. उघडल्यावर मी आठवड्याभरानं गेले. रांग शिस्तीची होती, सगळ्यांच्या तोंडाला मास्क, हातावर सॅनिटायझर, कुणी कुरकुरत नव्हतं. पण गाभाऱ्यासमोर आलं, देवीचं मुख दिसलं, की एकेक बाई मास्क खाली ओढायची. डोळे भरून बघायची, दोन शब्द पुटपुटायची आणि पुढं झाल्यावर पुन्हा वर करायची. माझ्या पुढच्या आजींना तिथल्या सेवेकरी मुलीनं हटकलं, तर त्या कळवळून म्हणाल्या, "अगं बाई, आठ महिन्यांनी भेटाय आलोय तिला. तिच्यापुढं तोंड झाकून उभं ऱ्हाऊ?" त्या मुलीला काही बोलता आलं नाही. मलाही आलं नसतं. जिच्यावर सर्वांत जास्त विश्वास तिच्यासमोर तोंड उघडं. रोगाला मात्र हे दार उघडं सापडत होतं, हेही तितकंच खरं होतं.

मग मी आठवत बसले, की आमच्याकडं घरातल्या माणसापासून लांब राहायची काही रीतच नव्हती का? होती. मला सातव्या वर्षी गोवर आला होता. आजीनं दाराच्या चौकटीला कडुलिंबाचा डहाळा लावला. तेवढ्यानं सगळं झालं. शेजारची माणसं डहाळा बघून बाहेरूनच परत फिरायची, "बाय आलीया व्हय घरात?" एवढंच विचारायची. घरात फोडणी नाही, मोठा आवाज नाही, माझं अंथरूण माजघराच्या कोपऱ्यात वेगळं, उशाला लिंबाचा पाला, आणि माझी चुलत भावंडं मामाकडं. खुद्द तात्यासुद्धा आठ-दहा दिवस उंबरा ओलांडत नव्हते. बाहेरून माझ्यासाठी गोळ्या-बिस्किटांची पुडी टाकायचे. कुणी म्हणालं नाही, आम्ही काय परकी झालो? कारण डहाळा कुणाचा अपमान करत नव्हता. त्यामागची समजूत वेगळी होती, देवीची होती, आणि त्या समजुतीपायी देवीच्या साथीत लस टाळणारीही माणसं होती, हे मला माहीत आहे. माझ्या आईच्या दंडावर देवीच्या लशीचा गोल वण आहे. ती लस तिच्या बापानं तिच्या आईपासून चोरून टोचून आणली होती, असं ती सांगते. पण लस आपलं काम करत राहिली आणि १९८० साली देवीचा रोग जगातून गेल्याचं जाहीर झालं. समजूत चुकीची असेल, डहाळ्याची रीत मात्र मला आजही शहाणी वाटते. आजारी माणसाला लांब ठेवणं आणि त्याला परकं करणं, या दोन गोष्टी तिनं वेगळ्या ठेवल्या होत्या.

२०२० मध्ये दाराला डहाळ्याऐवजी पत्रा आला. गल्लीच्या तोंडाला बांबू, त्यावर फलक, 'प्रतिबंधित क्षेत्र'. आमच्या मागच्या गल्लीतल्या एका कुटुंबानं तो पत्रा काढल्यावरही तीन महिने पडदे उघडले नाहीत. बोर्डापुढून जाणारी माणसं नाकाला रुमाल लावून धावत जायची, आणि आतल्या माणसांना ते दिसायचं.

आणि 'सोशल डिस्टन्सिंग' हा शब्द. जागतिक आरोग्य संघटनेनं सुरुवातीच्याच दिवसांत 'शारीरिक अंतर' म्हणा असं सांगितलं, पण आपल्याकडं तोवर पहिला शब्द रुळून गेला होता. मला तो कोल्हापुरात फार टोचायचा. हे शाहू महाराजांचं गाव आहे. इथं गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढलं, अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला लोक फिरकेनात, तर महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा प्यायचे आणि बरोबरच्यांनाही पाजायचे. एका कपासाठी छत्रपतींना उभं राहावं लागलं, इतकं या मातीत अंतर मुरलेलं होतं. पायरीवरचा चहा, वेगळा कप, वरून ओतलेलं पाणी, हे कुणाकुणाच्या आजा-पणजांनी भोगलंय. म्हणून जवळ बसणं, एका ताटात जेवणं, एकमेकांचा उष्टा घास खाणं, हे आमच्याकडं नुसतं प्रेम नाही. ते 'तू माझा आहेस' याची साक्ष आहे. त्या साक्षीवर अचानक बंदी आली. माझी आई भाचीला पायरीवर बघून एवढी का कळवळली ते मला त्या रात्री भांडी घासताना समजलं. तिच्या डोळ्यांसमोर रोग नव्हताच. तिच्या डोळ्यांसमोर पायरी होती.

माझी पणजी प्लेग बघितलेली बाई. मी तिला पाहिलेलं नाही, पण तिची गोष्ट आजीच्या तोंडून शंभरदा ऐकली. १८९६ मध्ये मुंबईत सुरू झालेला प्लेग पुढं आपल्या मुलखात पसरला. 'घरात उंदीर पडला की चूल विझवायची आणि माळावर जायचं,' एवढा एकच नियम. माळावर खोपटी घालून अख्खं गाव महिनोन्महिने राहायचं. मेलेल्या उंदरावरच्या पिसवा माणसाकडं वळतात हा दुवा सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये दाखवला. उंदीर पडला की घर सोडावं हे लोकांनी अनुभवानं धरलं होतं. पुण्यात त्याच प्लेगात सोजीर घरात घुसून माणसं ओढून नेत होते, त्यातून जून १८९७ मध्ये रँडचा खून झाला, हे आपण शाळेत शिकलो. आजीच्या गोष्टीतली एक बारीक गोष्ट मला आत्ता आठवते. माळावर खोपटी लांब लांब असायची, पण दिवेलागणीला बायका आपापल्या खोपटापुढं उभ्या राहून एकमेकींना हाका मारायच्या. 'जेवलीस काय गंऽ?' असं माळभर ऐकू यायचं. माणसं लांब आणि हाक जवळ.

आमच्या गल्लीत ही हाक आशाताईंनी मारली. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' सुरू झालं तेव्हा त्या दारोदार आल्या, कपाळासमोर ताप बघायचं यंत्र, बोटाला ऑक्सिजनचं. पुढं लस आली. कोविशिल्डच्या दोन डोसांमधलं अंतर आधी चार ते सहा आठवडे, मग सहा ते आठ, मग मे २०२१ मध्ये बारा ते सोळा. माणसं गोंधळली, चिडली, मोबाइलवर येईल ते वाचत राहिली. आई तर नकोच म्हणत होती. आशाताई चौथ्यांदा आल्या तेव्हा दारात उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "आई, मी घेतलो बघा. जित्ती हाय. उद्या नऊला न्यायला येतो." आणि खरंच आल्या. आई गेली ती त्यांच्या शब्दाखातर. फलक, दंड, फोन लावला की आधी वाजणारी ती सूचना, यातलं काहीच तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं. एक माणूस पोचलं.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा, त्या दिवशी राज्यातले निर्बंध उठले आणि मास्क ऐच्छिक झाला. महिन्याभरानं, ६ मे ला शाहू महाराजांच्या स्मृतीला शंभर वर्षं पूर्ण झाली. सकाळी दहा वाजता अख्खं कोल्हापूर शंभर सेकंद थांबलं. मी दसरा चौकात होते. रिक्षा थांबल्या, केएमटीच्या बस थांबल्या, भाजीची गाडी घेऊन चाललेला माणूस गाडीच्या दांड्यावर हात ठेवून उभा राहिला. पोलिसानं काठी उगारली नव्हती, पावती फाडायला कुणी नव्हतं. पाखरांचा आवाज ऐकू येत होता. मला रडू आलं, आणि ते महाराजांसाठी होतंच, पण तेवढंच नव्हतं. माझ्या मनात आलं, हे गाव इतकं एका मनानं थांबू शकतं. फक्त मनापासून वाटायला हवं की आपण कुणासाठी तरी थांबतोय. आम्हाला मास्कबद्दल सगळ्यांनी सांगितलं की तो स्वतःसाठी घाला, नाहीतर दंड होईल. तात्यांना एखाद्यानं असं सांगितलं असतं, की हा काकीसाठी घाला, तर? चष्मा न घालणाऱ्या पोराला घरी पाठवणारा माणूस होता तो. त्यांनी बावीसच्या बावीस जणांना दारातून परत पाठवलं असतं. आणि त्यांना ते सांगायचं कुणी? तोंडावर मास्क असलेली त्या खोलीत मोठ्यांपैकी मी एकटीच होते. मी सांगू शकले असते. मी तो काढून पर्समध्ये ठेवला.

आणि त्या रात्री भांडी आवरता आवरता मला आणखी एक आठवलं, ज्यामुळं मी तशीच नळ चालू ठेवून उभी राहिले. बारशाला भाचीही होती. पंधरा वर्षांची. पाळण्याच्या पलीकडं उभी होती, काकीला चिकटून, आणि तिच्याही तोंडावर मास्क होता. ती तात्यांचं बोलणं ऐकत होती, आणि माझ्याकडं बघत होती, आत्या काय करते ते. मी काढल्यावर तिनं काढला.

गेल्या बुधवारी मला शिंका सुरू झाल्या. संध्याकाळी आईकडं मऊ भात आणि मेतकुटाचा डबा पोचवायचा होता. जाताना कपाटात शोधून एक मास्क घेतला, पायरीवर थांबून नाकावर बसवला आणि दार वाजवलं. आईनं दार उघडलं, मला बघून तिचा चेहरा उतरला. "आता तू पण? काढ की गं ते. मी काय परकी झालो?"

"सर्दी झालीय आई," मी म्हणाले, "तुला लागू नये म्हणून." डबा उंबऱ्यावर ठेवला आणि पायरीवर बसले. ती डबा घेऊन आत गेली. बराच वेळ काहीच आवाज नाही. मला वाटलं, रागावली. रस्त्यावरून दुधाच्या कॅनवाला गेला, समोरच्या घरातला देव्हाऱ्याचा दिवा लागला. मग आतून फरशीवर खुर्ची ओढत आणल्याचा आवाज आला. दम घेत, थांबत थांबत. तिनं खुर्ची उंबऱ्याच्या आतल्या बाजूला आणून ठेवली, बसली, डोक्यावरचा पदर पुढं ओढून नाकावरून घेतला आणि त्याचं टोक दुसऱ्या कानामागं खोचलं.

"हां," म्हणाली, "आता बोल."